मोटरहोमनं आल्प्स ओलांडून इटलीत : म्युनिक – ब्रेनर – गार्डा. सल्ले हवेत

ऑरेंजसिटी_काका
नमस्कार मंडळी. मुलगी-जावई म्युनिकला असतात. येत्या ऑक्टोबरात आम्ही दोघं तिकडे जातोय आणि जावईबापूंच्या डोक्यात मोटरहोमचं, म्हणजे आतच झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीचं, खूळ शिरलंय. म्युनिकहून भाड्यानं गाडी घ्यायची, ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकवरून ब्रेनर खिंड चढायची, पलीकडे उबदार इटलीत उतरायचं आणि गार्डा तलावाच्या काठी मुक्काम ठोकायचा. ते दोघं, आम्ही दोघं आणि सहा वर्षांची नात, अशी पाच डोकी.
गाडी चालवण्याची मला हौस आहे. समृद्धीवरून संभाजीनगरपर्यंत एकटा जातो. पण घाट म्हणाल तर चिखलदरा आणि पचमढी, तेही आपल्या छोट्या गाडीनं. तिकडे मी चालवावी का? नागपूरच्या लायसन्सवर चालेल का? आणि आमच्या हिचा प्रश्न असा, की स्वयंपाक त्यातच करायचा तर इथून काय काय न्यायचं?
ज्यांनी केलंय त्यांनी सविस्तर लिहा. ज्यांनी केलं नाही त्यांनीही लिहा, नागपूरकर थोडीच थांबणार आहेत.

तर्रीपोहे
काका, ऑक्टोबर हीटमधून निघून उबदार देशात कायले चालले? उबदारच पाह्यजे तर गच्चीवर गादी टाका, फुकटात होते.
बाकी ते स्टेल्विओ का काय म्हणतात तो घाट करा. रील पाह्यले मी, वळणावर वळण. जायचं तर तिथूनच जा ना.

म्युनिकची_सून
तर्रीपोहे दादा, उबदार हे इथल्या लोकांच्या हिशेबानं. म्युनिकला ऑक्टोबर उजाडला की आभाळ करडं, दिवस आखडलेला, सकाळी पाच-सात अंश. तेव्हा गार्डाला दुपारी अठरा-वीस अंश, ऊन, काठानं ऑलिव्ह आणि लिंबाची झाडं. एवढ्यासाठी अख्खा बव्हेरिया ब्रेनरवर गर्दी करतो. काका-काकूंना मात्र दोन्हीकडे स्वेटर लागणार.
स्टेल्विओ विसरा. २,७५७ मीटर उंची, एका बाजूला ४८ हेअरपिन, म्हणजे उलट फिरणारी वळणं, आणि हिवाळ्यात तो बंदच असतो. सात मीटरची गाडी तिथल्या वळणावर एका झटक्यात वळत नाही, मागेपुढे करावी लागते आणि तोवर मागच्या मोटारसायकली हॉर्न देत उभ्या. ब्रेनर त्या मानानं सरळ आहे. उंची जेमतेम १,३७० मीटर, आल्प्सच्या मुख्य खिंडींमधली सगळ्यात सखल. वरपर्यंत मोटरवे जातो. म्हणूनच तर रोमन काळापासून सगळे तिथूनच जातात.
काका, माझं माहेर धरमपेठेतलं, त्यामुळे मनापासून सांगते. जावईबापूंना चालवू द्या, तुम्ही शेजारी बसा. पण दुसरा ड्रायव्हर म्हणून करारात तुमचं नाव जरूर घाला. नाव नसताना चालवलीत आणि काही झालं तर विमा हात वर करतो.

आरटीओ_एजंट_नाही
लायसन्सचं सांगतो. आंतरराष्ट्रीय परमिट घ्या. सारथी पोर्टलवर अर्ज, फी १,००० रुपये, मुदत एक वर्षाची, आणि मूळ लायसन्स त्याआधी संपत असेल तर तिथपर्यंतच. ते आरटीओकडून मिळतं. इटलीत पोलिसांनी थांबवलं तर मूळ कार्ड आणि परमिट दोन्ही दाखवावं लागतं, नुसतं एक चालत नाही.
एक बारकावा. आपल्याकडे एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीच्या, लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतची गाडी चालते. म्हणून लोक तिकडे जाऊन मोठी मोटरहोम मागतात. पण त्या परमिटवर तुमचा शिक्का बसतो ‘बी’ वर्गाचा, आणि तो ३,५०० किलोपर्यंतच. जावईबापूंचं जर्मन लायसन्स ‘बी’ असेल तर त्यांनाही तीच मर्यादा. त्याच्या वर ‘सी-वन’ वर्गाचं लायसन्स लागतं.

वजनकाटा
वरच्या ३,५०० या आकड्यापाशी थांबा. तुमची सगळी ट्रिप याच आकड्याभोवती फिरणार आहे.
आम्ही हाच रस्ता केलेला आहे, म्हणून हिशेब मांडतो. बाजारात बहुतेक भाड्याच्या मोटरहोम ३,५०० किलोच्या, म्हणजे भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन तेवढं. रिकामी गाडीच ३,१०० च्या आसपास भरते. त्या ‘रिकाम्या’त ७५ किलोचा एक ड्रायव्हर आणि डिझेल धरलेलं असतं, पण पाण्याची टाकी बहुतेक वेळा पूर्ण धरत नाहीत, वीसेक लिटरच धरतात. म्हणजे तुमच्या हाती उरले सुमारे ४०० किलो.
आता ड्रायव्हर सोडून चार माणसं, नातीसकट: २२० किलो. टाकी १०० लिटरची भरलीत तर वरचे ८० किलो. जास्तीचा ११ किलोचा गॅस सिलिंडर, लोखंडासकट २२-२३. बाहेरची छत्री, म्हणजे ऑनिंग: ३०. टेबल-खुर्च्या २५. पाच जणांचं सामान माणशी १५ धरलं तरी ७५. झाले ४५० च्या वर, आणि अजून स्वयंपाकघरात हात घातलेला नाही. सायकली तर दूरच.
जास्त झालं तर काय? ऑस्ट्रियात पोलिस गाडी बाजूला घेऊन वजन करतात, दंड करतात आणि सामान उतरवल्याशिवाय पुढे सोडत नाहीत. सुट्टीच्या दिवसांत इन्सब्रुककडे जाणाऱ्या रस्त्यावर रांगेतून नेमक्या मोटरहोम वेचून काढताना मी पाहिलंय. शिवाय दंड तर वेगळाच, उतारावर जास्तीचे १०० किलो ब्रेकला कळतात.
३,५०० च्या वरची गाडी घेतली तर लायसन्सचा प्रश्न आहेच, टोलचाही नियम पालटतो. ऑस्ट्रियात ३,५०० पर्यंत व्हिनेट, म्हणजे ठरावीक मुदतीचा पास, ऑनलाइन मिळतो. त्याच्या वरच्या गाडीला किलोमीटरवर पैसे मोजणारी पेटी काचेवर लावावी लागते.

ऑरेंजसिटी_काका
बापरे. म्हणजे आधी माणसं तोलायची. आमच्या हिला हे वाचून दाखवलं तर म्हणाली, “जावयाला सांगा, मी आगगाडीनं येते.”

अर्धातिकीट
वहिनी बरोबर म्हणतात! म्युनिक ते व्हेरोना थेट युरोसिटी गाडी आहे, त्याच ब्रेनरवरून जाते, साडेपाच तासांच्या आसपास. खिडकीत बसा, डोंगर बघा, उतरा, हॉटेलात झोपा. मोटरहोमचं भाडं, शंभराला दहा-बारा लिटर डिझेल, टोल, वर कॅम्पिंगचं भाडं. पाच जणांच्या रेल्वे-हॉटेलपेक्षा स्वस्त पडतं हा भ्रम आहे. आणि सकाळी उठून संडासाची पेटी कोण रिकामी करणार? जावई? की सासरे?

म्युनिकची_सून
पेटी रिकामी करायचा मान नेहमी ज्याची कल्पना त्याचा. आमच्याकडे तरी.
स्वस्त नाही हे खरं. पण सहा वर्षांचं मूल सोबत असेल तर गोष्ट वेगळी होते. तिची गादी, तिची खेळणी, तिचा वरण-भात कायम दहा फुटांवर. हॉटेलात साडेसातला जेवण उघडतं, तोवर मूल झोपून जातं. फक्त गाडी घेताना बेल्ट मोजा, बिछाने नव्हे. सहा जण झोपतील अशी गाडी असते आणि बेल्ट चारच असतात. नातीला तिची कार-सीट लागेल, आणि ती पुढे तोंड असलेल्या सीटवरच बसवायची, आडव्या बाकावर नाही.
हॉटेलचं सोडा, कॅम्पिंग मात्र आधी बुक करा. गार्डाकाठची बरीच कॅम्पिंग ऑक्टोबर संपता संपता कुलूप लावतात.

घाटवाला
मी आल्प्स पाहिलेला नाही, पण अवजड गाड्या घेऊन कसारा, खंबाटकी, फोंडा सगळे उतरलोय. घाट कुठलाही असो, उतरायची रीत एकच.
चढताना गाडी दमते, तिची काळजी घ्यायची गरज नाही, ती स्वतःच सांगते. धोका उतरताना. आमचे जुने उस्ताद सांगायचे, ज्या गिअरनं चढाल त्याच गिअरनं उतरा. इंजिनानं गाडी रोखायची. ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. वेग वाढला की एकदा घट्ट दाबायचा, वेग खाली आणायचा, पाय पूर्ण सोडायचा, ब्रेकला गार होऊ द्यायचं. सतत हलका दाबून ठेवला तर पॅड तापतात, वास येतो, आणि मग पाय खाली जातो तरी गाडी थांबत नाही. जळका वास आला तर पुढच्या थांब्यावर गाडी लावा, अर्धा तास चहा प्या, चाकावर पाणी ओतू नका.
ब्रेनर किती उतरतो ते कुणी सांगेल का?

वजनकाटा
घाटवाला भाऊ, इटलीच्या बाजूनं १,३७० वरून बोल्झानोला २६० मीटरपर्यंत, साधारण ८५ किलोमीटरमध्ये. मोटरवे आहे, वळणं मोठी. कसाऱ्यापेक्षा सोपाच, फक्त लांब. तुमचं गिअरचं सूत्र तंतोतंत लागू पडतं, कारण लोक मोटरवे समजून पाचव्यात उतरतात.
मला ब्रेनरवर उतारापेक्षा वाऱ्याची भीती जास्त वाटते. इन्सब्रुक सोडलं की लगेच युरोपाब्रुके लागतो. १९६३ चा पूल, दरीपासून १९० मीटर उंच. आणि ती दरी म्हणजे ‘फोन’ नावाच्या डोंगरी वाऱ्याचा हमरस्ता. दक्षिणेकडून हवा डोंगर चढते, पाऊस तिकडेच टाकते आणि अलीकडे कोरडी, गरम होऊन सुसाट खाली येते. मोटरहोम म्हणजे तीन मीटर उंचीची सपाट भिंत. ट्रकच्या आडून बाहेर आलात की वारा एकदम धरतो आणि अख्खी गाडी हातभर बाजूला सरकते. स्टिअरिंग दोन्ही हातांत, वेग ८०, ओव्हरटेक नाही. पुलाआधी वाऱ्याची दिशा दाखवणारी लाल-पांढरी पिशवी खांबावर टांगलेली असते. ती आडवी ताठ झालेली दिसली तर गप्पा बंद.

तर्रीपोहे
म्हंजे इकडून गारठ्यात चढायचं आणि समोरून गरम वारा अंगावर. हे तं आपल्या मे महिन्यासारखं झालं.

म्युनिकची_सून
हाओ दादा, आणि हा फोन वारा सुटला की इथल्या निम्म्या लोकांचं डोकं दुखतं, हेही मे महिन्यासारखंच.
रस्त्याची ताजी गोष्ट. ब्रेनरच्या थोडं अलीकडे लुएगब्रुके नावाचा जुना पूल आहे, त्याचं काम चालू आहे. १ जानेवारी २०२५ पासून तिथे दोन्ही बाजूंना एकेकच लेन मिळते, फार गर्दीच्या दिवशी तेवढ्या दोन सोडतात. शनिवारी निघू नका. मंगळवार-बुधवारी, पहाटे निघा. गर्दी दिसली म्हणून खालच्या जुन्या रस्त्यावर उतरायचा मोह टाळा. सुट्टीच्या शनिवार-रविवारी टिरोलमधल्या बऱ्याच गावांतून नुसतं पलीकडे जाणाऱ्यांना बंदी असते.
टोल तीन प्रकारचे लागतील. ऑस्ट्रियाचं व्हिनेट. ब्रेनरवर चढणाऱ्या ए-१३ मोटरवेचा स्वतंत्र टोल, तोही ऑनलाइन आधी भरता येतो. आणि इटलीत ए-२२ मोटरवेवर तिकीट घ्यायचं, बाहेर पडताना पैसे. तिथे पिवळ्या पाटीच्या टेलिपास लेनमध्ये शिरू नका, ती पास असणाऱ्यांची. निळी कार्डाची, पांढरी रोखीची. पुढच्या चाकापाशी गाडीची उंची १.३ मीटरच्या वर असते म्हणून मोटरहोम तिथे ‘बी’ वर्गात धरतात, कारपेक्षा थोडा जास्त टोल.
परतताना पासपोर्ट वर काढून ठेवा. ऑस्ट्रियातून जर्मनीत शिरताना सीमेवर तपासणी असते आणि तिथेही रांग लागते.

सीताबर्डी_ते_सिसिली
गार्डाला पोचल्यावर कुठल्या काठानं जाणार? पश्चिमेचा रस्ता फार देखणा, पण कड्यात कोरलेले अरुंद बोगदे, समोरून बस आली की दोन्ही आरसे मिटायचे. मोटरहोमला पूर्वेचा काठ बरा. उत्तर टोकाला रीवा, तिथे दुपारी दक्षिणेकडून ‘ओरा’ वारा सुटतो, सगळा तलाव शिडांनी भरून जातो. नातीला पाण्यात पाय बुडवायचे असतील तर दक्षिणेकडे जा, तिथे काठ उथळ.
व्हेरोनाला गाडी अजिबात नेऊ नका. तलावाकाठच्या पेस्किएराला गाडी लावा आणि लोकल रेल्वेनं जा, पंधरा-वीस मिनिटांत पोचता. पहिल्या शतकातलं रोमन अँफिथिएटर गावाच्या मधोमध उभं आहे. इटलीतल्या जुन्या गावांत झेडटीएल असतो, म्हणजे परवानगीशिवाय गाडी न्यायला बंदी असलेला भाग. कमानीवर कॅमेरा, ना शिपाई ना शिट्टी. महिन्यांनी भाड्याच्या कंपनीकडे नोटीस येते, कंपनी स्वतःची फी लावून ती तुमच्या कार्डावर टाकते. आमच्या ओळखीत एकानं लागोपाठ दोनदा त्याच कमानीतून फेरी मारली, हॉटेल शोधत. दोन नोटिसा.
आणि रात्री कुठेही थांबू नका. गाडी उभी करून आत झोपणं एक, आणि छत्री उघडून खुर्च्या मांडणं दुसरं. दुसऱ्याला कॅम्पिंग म्हणतात आणि ते ठरलेल्या जागीच. त्यासाठी इटलीत ‘आरेआ सोस्ता’ असतात, जर्मनीत ‘श्टेलप्लाट्झ’: पाणी, वीज, मैला टाकायची सोय, बाकी शांतता.

विदर्भ_किचन
काकू कुठे आहेत? स्वयंपाकाचं मी सांगते.
संत्रा बर्फी नेऊ नका. दूध आणि मांसाचा कुठलाही पदार्थ युरोपीय संघात बाहेरून नेता येत नाही. म्हणजे तूप, खवा, पेढे, बर्फी सगळं बाद. आणि संत्रीही नाहीत! ताज्या फळांना रोगमुक्तीचं सरकारी प्रमाणपत्र लागतं, सवलत फक्त अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन या पाचांना. नातीसाठी बॅगेत चार संत्री टाकाल आणि विमानतळावर काढून द्यावी लागतील. तिखट-मीठ, गोडा मसाला, सांडगे, कुरड्या, पोहे हे चालतं.
तिकडच्या गाडीत तीन बर्नर असतात पण एका वेळी दोनच भांडी मावतात. कुकर नेऊ नका, जड आहे आणि शिट्टीची वाफ आत कोंडली की रात्री खिडक्यांवरून पाणी टपकतं. फोडणी दिली की छताची खिडकी उघडायचीच. रश्शाला सावजीचा तडका द्यायचा असेल तर बाहेर, आणि शेजाऱ्यांना विचारून.

तर्रीपोहे
सावजी बाहेर केलं तं शेजारी विचारणार नाही, ताट घेऊन येतील.

वजनकाटा
गॅसचं मात्र नीट ऐका, यात लोक फसतात. ब्यूटेनची वाफ शून्याच्या खाली व्हायचीच थांबते, त्याचा उत्कलनबिंदू उणे अर्धा अंश. प्रोपेनचा उणे ४२. ब्रेनरवर ऑक्टोबरात रात्री शून्याखाली जाऊ शकतं. हीटर, गरम पाणी, शेगडी आणि बऱ्याच गाड्यांत फ्रिजही त्याच सिलिंडरवर. म्हणून घेताना विचारा, प्रोपेन भरलाय ना. आपल्या घरच्या १४.२ किलोच्या सिलिंडरात दोन्हींचं मिश्रण असतं, आपल्याला कधी विचार करावा लागत नाही. इटलीत जर्मन सिलिंडर बदलून मिळत नाही, जोडणी वेगळी. कॅम्पिंगवर निळ्या प्लगची वीज घ्या, फ्रिज तिच्यावर टाका, मग एक सिलिंडर पुरतो आणि तो २३ किलोचा दुसरा घ्यावाच लागत नाही.
पाणीही तसंच. चालताना टाकीत २०-३० लिटर, बाकी मुक्कामाला पोचल्यावर भरा. ही एक सवय लावली की ७० किलो वाचले. छत्री काढलेली गाडी मागितली, ३० गेले. खुर्च्या मुक्कामावर भाड्यानं मिळतात का विचारा. बघा, पाच जण ३,५०० मध्ये बसले.
सायकली नेल्याच तर गाडीच्या मागे बाहेर आलेल्या सामानाला इटलीत ५० बाय ५० सेंटीमीटरची लाल-पांढऱ्या पट्ट्यांची चमकती पाटी लागते.

गच्चीवरचा_गारवा
एवढं करण्यापेक्षा आपल्याकडेच कॅराव्हॅन घ्या की. महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन धोरण आणलंय. ताडोबा, नवेगाव, चिखलदरा…

संचालक
कॅराव्हॅन धोरणावर वेगळा धागा काढा, तिथे भांडू. इथे ब्रेनर.

ऑरेंजसिटी_काका
मंडळी, फार कामाचं लिहिलंत. जावईबापूंना सगळा धागा पाठवला. त्यांनी ३,५०० ची, पाच बेल्टची गाडी पाहिली आहे, छत्रीशिवाय. मंगळवारी पहाटे निघू, एक रात्र ब्रेनरच्या अलीकडे की थेट बोल्झानो, यावर घरात दोन पक्ष पडलेत. मुलगी म्हणते बोल्झानोत थांबायचंच, तिला तो बर्फात सापडलेला माणूस नातीला दाखवायचाय.
परमिटसाठी सोमवारी अर्ज टाकतो. चढताना जावई, उतरताना जावई, सपाटीवर मी, असं ठरलं. घाटवाला भाऊ, तुमच्या उस्तादांचं वाक्य आमच्या फ्रिजवर लागलंय.

सीताबर्डी_ते_सिसिली
बोल्झानोतच थांबा. तो माणूस म्हणजे ओट्झी, १९९१ मध्ये हिमनदीत सापडला, वय सुमारे ५,३०० वर्षं. छोट्या खिडकीतून दिसतो, मुलांना भीती वाटत नाही, उलट त्याचं गवत भरलेलं पादत्राण आणि तांब्याची कुऱ्हाड बघत बसतात. संग्रहालय शहराच्या आत आहे, गाडी बाहेर लावून बसनं जा. सोमवारी बहुधा बंद, तेव्हा वार बघून घ्या.
आणि ऑक्टोबर म्हणजे तिथे सफरचंदाचा आणि द्राक्षांचा हंगाम. खिंड उतरलात की पाट्या जर्मन आणि इटालियन दोन्ही भाषांत, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बुटक्या सफरचंदांच्या रांगा, ट्रॅक्टरवर खोकी. याच दिवसांत शेतघरांमध्ये भाजलेले चेस्टनट आणि नवी वाईन मिळते, त्याला तिकडे ‘टोर्गेलेन’ म्हणतात. काकू शाकाहारी असतील तर पालकाचे किंवा चीजचे डम्पलिंग मागा, सांगताना ‘बेकनशिवाय’ हे दोनदा सांगा.

म्युनिकची_सून
काका, गाडी ताब्यात घेताना फोनवर व्हिडिओ काढा. छप्पर, चारही कोपरे, टायर, आरसे, आतली कप्प्यांची दारं. शिडी मागून छतावरही एक नजर टाका, झाडाच्या फांदीनं ओरबाडलेलं तिथेच असतं. टायरवर डोंगर आणि बर्फाच्या पाकळीचं चिन्ह आहे का बघा. ऑस्ट्रियात हिवाळी टायरची सक्ती १ नोव्हेंबरपासून, पण ऑक्टोबरातही बर्फ पडला तर ते टायरच कामी येतात. चमकती जाकिटं ड्रायव्हरच्या हाताशी ठेवा, डिकीत नाही.
आणि निघताना छताच्या खिडक्या, फ्रिजचं दार, गॅसचा नळ, बाहेरची पायरी: चारही गोष्टी एका माणसाकडे द्या. दोघांकडे दिल्या की दोघंही समजतात दुसऱ्यानं केलं.

घाटवाला
पायरीचं बरोबर आहे. पायरी बाहेर राहिली तर सर्वात आधी तीच तुटते. नातीकडे द्या ते काम, ती विसरणार नाही.